नऊ बटनांचे कपाट

घरात एक तरी वस्तू अशी असावी, जिची किल्ली बायकोच्या कमरेला नसेल, असे वासुदेवरावांना लग्नाच्या विसाव्या वर्षी एकदम वाटले. (आधीची एकोणीस वर्षे वाटत नव्हते असे नाही, बोलायला सवड मिळाली नव्हती.) नालवाडीतल्या त्यांच्या घरात गुळाच्या डब्यापासून ट्रंकेपर्यंत सगळ्याला कुलूप, आणि सगळ्या किल्ल्या यशोदाबाईंच्या जुडग्यात. डॉक्टरांनी वासुदेवरावांचे गोड बंद केल्यापासून तर ते जुडगे मांजराच्या गळ्यातल्या घंटेसारखे झाले होते. ते वाजले की वासुदेवराव स्वयंपाकघरातून आपण होऊन बाहेर येत.

म्हणून विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाचे कपाट नागपूरच्या लिलावात निघाले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून बोली लावली. कपाट लोखंडी, आणि वजन असे, की वर्धा स्टेशनावरून ज्या बैलाने ते ओढून आणले, तो पुढे महिनाभर नालवाडीचा फाटा आला की पाय रोवून उभा राहायचा. पण गंमत वजनात नव्हती, दारात होती. किल्लीचे भोकच नव्हते. तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ पितळी बटने, प्रत्येकावर काळ्या रंगात एकेक आकडा. ठरलेली चार बटने ठरलेल्या क्रमाने दाबायची आणि मूठ फिरवायची. वासुदेवरावांनी दार लावून घेऊन आकडा बसवला: एक, सात, नऊ, तीन. (आता सांगायला हरकत नाही, तो बदलला आहे.) घरातल्या कुणालाही तो सांगितला नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असे त्यांचे मत होते. स्वतःच्या पोटाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे होते, पण ते असो.

त्या दिवसापासून घरातले सगळे चांगलेचुंगले कपाटात गेले. त्यांचा कोट, टोपी, जरीकाठी धोतर, मुलगी शरयूची एकुलती एक रेशमी साडी, चांदीच्या वाट्या. आणि कोटामागे, कुणाला न दिसेल असा, गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपाळ गोड बिस्किटांचा, एक डबा.

आता वासुदेवरावांच्या बोटांबद्दल सांगायला हवे. ते कापसाच्या पेढीत कारकून, आणि पेढीने नुकतेच बेरजेचे यंत्र घेतले होते. त्यावर त्यांची बोटे न बघता चालत. शेजारच्याशी बोलता बोलता, पान जमवता जमवता. एकदा त्यांना खुर्चीवर डुलकी लागली, तरी बोटे उरलेली बेरीज संपवूनच थांबली, असे ते स्वतः शपथेवर सांगत. कुणाचा विश्वास बसला नाही की म्हणत, ‘आकडा डोक्यात नाही, बोटात ठेवावा.’

तर तीन महिने सुखाचे गेले. मग शरयूला पाहायला आष्टीचे अण्णाजी येणार असे ठरले. त्यांचा मुलगा श्रीनिवास मास्तर होता, स्थळ घरबसल्या चालून आलेले. आधी एकटे वडील येऊन घर बघणार, त्यांना पसंत पडले तर पुढचे बोलणे. अण्णाजी दुपारच्या मोटारीने येणार म्हणून यशोदाबाईंनी सकाळपासून घर घासायला काढले. भांडी घासून झाली, समया घासून झाल्या, आणि हाताशी चिंच उरली होती म्हणून त्यांनी कपाटाची बटनेही घासली. बटने सोन्यासारखी चमकली. आकडे चिंचेबरोबर मोरीत गेले.

आंघोळ करून ओल्या पंच्यावर वासुदेवराव कपाटापाशी आले, तो हा प्रकार. ते बायकोवर रागावले नाहीत. उलट हसले.

“आकडे गेले तर जाऊ दे. माझ्या बोटात आहेत,” ते म्हणाले आणि छताकडे बघत चार बटने दाबली.

मूठ फिरली नाही.

बोटे ओली असतील म्हणून त्यांनी ती पंच्याला पुसली. पंचाच ओला होता. पुन्हा दाबली, हळू दाबली, जोरात दाबली, एकदा नमस्कार करून दाबली. कपाट ढिम्म. आत कोट, आत साडी, आत धोतर. बाहेर वासुदेवराव आणि पंचा. रोजचे कपडे यशोदाबाईंनी पहाटेच भिजवले होते. शरयू दारामागून ठिगळ लावलेल्या पातळात बघत होती, आणि एवढ्यात अंगणातून आवाज आला. अण्णाजी सकाळच्याच मोटारीने आले होते.

“दारात रांगोळी मस्त काढली जी,” अण्णाजी आत येता येता म्हणाले. “नऊ ठिपके अन् त्याच्यात चूल. पोरीचा हात सरळ दिसते.”

मग त्यांची नजर पंच्यावर पडली. वासुदेवरावांनी एका हाताने पंचा सावरला, दुसऱ्याने नमस्कार केला, आणि कुलूप बिघडले असल्याचे सांगितले. अण्णाजी शेतकरी माणूस. बंद पडलेली वस्तू दिसली की जेवणसुद्धा विसरायचे. ते कपाटासमोर मांडी घालून बसले.

“एकाचा आकडा कोठीसा राह्यते?” त्यांनी विचारले.

“खाली. डाव्या कोपऱ्यात,” वासुदेवराव म्हणाले. “आमच्या यंत्रावर खालून एक, दोन, तीन, सगळ्यात वर सात, आठ, नऊ. आकड्यांची ही जगभरची रीत आहे.”

“काऊन? पाटीवर तर एक वर राह्यते.”

वासुदेवरावांना हे नवीन होते. म्हणजे पाटी नवीन नव्हती. आकडे होते तोवर ते बटनावर बघून दाबत, कुठला वर आणि कुठला खाली हे कधी मनातच आले नव्हते. अण्णाजींनी थोडा विचार करून निकाल दिला, की पोती थप्पीला लावणारा माणूस खालून मोजतो आणि पाटीवर लिहिणारा वरून. तुमचे यंत्र थप्पीवाल्याने केले असेल अन् हे कुलूप एखाद्या मास्तराने.

दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर त्याने वरून मोजून पाहिले असते. पण पेढीतले यंत्र एका पाटीपुढे हरले असे कबूल करायला वासुदेवराव तयार नव्हते. त्यांनी कुलूपच नादुरुस्त ठरवले आणि खिडकीतून हाक मारून शेजारच्या तानबा लोहाराला घण घेऊन बोलावले. तानबा आला, त्याने कपाटाला एक फेरी मारली आणि घण उचलला.

“थांबा,” यशोदाबाई म्हणाल्या.

त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. ट्रे डाव्या हातावर तोलून त्यांनी उजव्या हाताने चार बटने दाबली, मूठ फिरवली, आणि दार उघडून चहा द्यायला वळल्या. कपबशीसुद्धा वाजली नाही.

तानबाने घण खाली ठेवला.

“तुले आकडा कोणी सांगितला?” वासुदेवरावांनी विचारले.

“आकडा मले काय माहीत? तुमचा हात रोज डावीकडून खाली उतरे, मग आडवा जाये, मग उजवीकडून वर. चूल काढल्यासारखा. आज सकाळपासून उलटी चूल काढून राह्यले तुम्ही.”

“मग बोलली काऊन नाई?”

“तुमचं गुपित होतं न. मी कशाले त्याच्यात तोंड घालू?”

एवढे बोलून त्यांनी कोटामागे हात घातला आणि डबा काढून अण्णाजींपुढे उघडला. म्हणाल्या, यांनी खास तुमच्यासाठी आणून ठेवला होता, स्वतः तर शिवतसुद्धा नाहीत. डबा अर्धा रिकामा होता. अण्णाजींनी डब्याकडे पाहिले, वासुदेवरावांच्या पोटाकडे पाहिले, आणि एक तुकडा तोंडात टाकला.

शरयू रेशमी साडी नेसून आली, पण तिला फारसे काही विचारावे लागले नाही. पोरगी आईवर गेली आहे की बापावर, एवढेच अण्णाजींनी विचारले. आईवर, असे तिने सांगितल्यावर ते श्रीनिवासला घेऊन पुन्हा येण्याचा दिवस ठरवूनच उठले.

पाहुणे गेल्यावर वासुदेवरावांनी खोलीची कडी लावली, खिडकीवर चादर टांगली आणि आकडा बदलला. बटनांवर स्वतःच्या हाताने नवे आकडे रंगवले. संध्याकाळी कपाट एकदाच उघडले, तेही अंगावर घोंगडी घेऊन. (दिवस चैत्राचे होते.) रात्री त्यांना फार शांत झोप लागली.

सकाळी कोट घालून ते पेढीवर निघाले. दारात ताजी रांगोळी होती, ती नेहमीप्रमाणे न बघता ओलांडून ते फाटकापाशी आले. समोरून तानबा येत होता. तो थांबला, वाकून रांगोळी बघू लागला.

“काय रे?” वासुदेवरावांनी विचारले.

“काई नाई जी,” तानबा म्हणाला. “तीन महिने चूल दिसे, आज शंकरपाळा दिसून राह्यला. कपाटाचा नंबर बदलवला वाटते?”