मिता, मिशा आणि एक रेघ

निरीक्षक नेगोवान यांनी कॉफीचा कप खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि विचारलं, "बाई, तुमची शाळा नक्की कोणाच्या नावाची?"

"मिता गायिन यांच्या," दारिंका म्हणाली. या शाळेत ती सत्तावीस वर्षं कारकून होती. हा काय प्रश्न झाला?

"मग शिक्क्यावर मिशा गायिन का?"

दारिंकानं समोरच्या कागदावरचा शिक्का बघितला. तिथं खरोखरच मिशा होता.

"शिक्का मारायचा असतो हो साहेब, वाचतंय कोण?" ती म्हणाली खरी, पण कागद तिनं हळूच आपल्याकडे ओढला.

मामला नाजूक होता. शाळेत मुलं उरली होती त्रेचाळीस, आणि नगरपालिकेला ती हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत नेऊन कोंबायची होती. सुटका एकच. संस्थापकाचं नाव पहिल्यापासून मिरवणाऱ्या जुन्या शाळेला हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हणून मुख्याध्यापक स्वेतोझार सरांनी शाळेचा आणि तिच्या नावाचा इतिहास अकरा पानांत लिहून धाडला होता, आणि तो तपासायला साहेब आले होते.

दारिंकाला एकाएकी एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. जुना शिक्का झिजला म्हणून नव्याची ऑर्डर तिनंच हातानं लिहिली होती. सर्बियन हस्ताक्षरात त आणि श यांचं अंग एकच, तीन उभ्या काठ्या. डोक्यावर रेघ दिली की त, पायाखाली दिली की श. घाईत डोक्यावरची रेघ राहिली. शिवाय नाव महत्त्वाचं, म्हणून तिनं सबंध नावाखाली चांगली ठसठशीत रेघ ओढली. शिक्केवाल्यानं मिताचा मिशा केला, त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

तेवढ्यात स्वेतोझार सर आत आले. "मिशा? छे! मिताच. पान तीन बघा साहेब, शाळेला जमीन देणारा दानशूर!"

"पुरावा?"

"सावका आजी आहे ना, समोरच राहते. मिताची सख्खी पुतणी."

शिपाई झिवान ब्याण्णव वर्षांच्या सावका आजीला सपातांसकट घेऊन आला. आजीनं आधी आलुबुखाराची राकिया मागितली, पेला रिकामा केला आणि मगच प्रश्न ऐकून घेतला.

"मिता काकानं जमीन दिली?" आजी खदखदून हसली. "अरे, त्यानं शेजाऱ्याची शिडी नेली, ती तो मेल्यावर सापडली! जमीन मिशा काकाची. धाकटा तो."

"म्हणजे मिशा दानशूर!" सरांनी जागच्या जागी कोलांटी मारली. "पान तीनवर किरकोळ दुरुस्ती..."

"कसला डोंबलाचा दानशूर! पत्त्यांत हरला, मास्तरांशी. मिता काका बाजूला बसून म्हणत होता, लाव, लाव, जमीन लाव."

"मग पाटीवर मिताचं नाव कसं?" साहेबांनी विचारलं.

"मास्तर म्हणाले, ज्यानं लाव म्हटलं त्याच्यामुळे शाळा झाली."

"थांबा, थांबा. मग शाळा काढली कोणी?"

"मास्तरांनी."

"त्यांचं नाव?"

आजीनं डोळे मिटले. सगळे पुढे वाकले. "नाही बाई आठवत," ती म्हणाली. "आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो."

नेगोवान यांनी फाइल मिटली. "नावं दोन, संस्थापक तिसराच, आणि त्याला नावच नाही. माझं डोकं गरगरायला लागलंय. शुक्रवारी हुकूम येईल."

ते गेल्यावर दारिंका दप्तरखान्यात जाऊन रडली. झिवान खुर्ची शोधत तिथं आला, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. पहिलीतली ती एवढीएवढीशी पोरं आता ट्रकांच्या गर्दीतून रस्ता ओलांडणार, आणि तेही तिच्या एका रेघेपायी.

"ताई, रेघ तुमची," झिवान म्हणाला. "मग निस्तरायचं पण तुम्हीच."

शुक्रवारी हुकूम आला. 'मिता गायिन प्राथमिक शाळा बंद करण्यात येत आहे.' सर खुर्चीत मटकन बसले. दारिंकानं हुकूम दोनदा वाचला, डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं. 'आमचा शिक्का पाहावा. मिता गायिन नावाच्या शाळेचा शिक्का या पत्त्यावर नाही. हुकूम साभार परत.' आणि खाली दाणकन शिक्का मारला.

दहा दिवसांनी दुसरा हुकूम आला, मिशा गायिन शाळेसाठी. तिनं दारावरच्या पाटीचा फोटो काढला आणि उत्तरासोबत जोडला. 'मिशा गायिन नावाची पाटी या इमारतीवर नाही. साभार परत.'

"दारिंका, हे खोटं नाही ना गं?" सरांनी हळूच विचारलं.

"एक शब्द खोटा दाखवा, सर."

असं करता करता हिवाळा गेला. वसंतात नेगोवान स्वतःच आले, घाम पुसत.

"बाई, पुरे झालं! हुकमावर दोन नावं घातली तर वरिष्ठ म्हणतात, शाळा एक की दोन? पाटी नको, फोटो नको, शिक्का तर नकोच. इथं, माझ्यासमोर, शाळेचं नाव हातानं लिहून द्या. जे लिहाल त्याचा हुकूम काढतो."

दारिंकानं पेन उचललं. खिडकीबाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट चालला होता, कोणीतरी कोणाचीतरी टोपी पळवली होती. तिनं सावकाश, सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. त्या त-श वाल्या अक्षराच्या तीन काठ्या काढल्या. शेवटचं अक्षर झालं. पेन पुन्हा त्या तीन काठ्यांवर आलं, जरा थांबलं, आणि तिनं त्याला टोपण लावलं.

साहेबांनी कागद जवळ धरला, लांब धरला, उजेडात धरला. "बाई, रेघ कुठाय? हा त आहे की श?"

"साहेब," दारिंका कोपऱ्यातल्या शेगडीकडे वळत म्हणाली, "कॉफीत साखर किती?"