कागदानं गिळलेला ट्रफल

कागदाला स्फटिक चिकटवण्यात माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या इटलीत सापडायचा नाही! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

धातू आणि सेंद्रिय रेणू यांची जाळी विणून एक भुकटी करतात. दिसायला मैदा, पण आत नुसती भोकं! चिमूटभर भुकटीतली भोकं उलगडून पसरली तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल. या भोकांत वास शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. अडचण एकच. ही भुकटी कागदावर टिकत नाही. एका नामांकित प्रयोगशाळेतल्या मंडळींनी आपला कागद पाहुण्यांसमोर जरा हलवला, तर सगळ्या पाहुण्यांचे कोट पांढरे! मी मात्र आमच्या रोक्कामोरा गावच्या कागदगिरणीत तीन वर्षं खपून कागदाच्या तंतूंवरच स्फटिक वाढवले. चोळा, घासा, चुरगाळा, एक कण हलायचा नाही. मोजे, मासे, शिळं चीज, कशावरही हा कागद टाका, वास गायब! वर इस्त्री फिरवली की गिळलेला वास तो ओकून टाकतो आणि पुन्हा कोरा होतो.

आमच्या संचालक मेंगारेल्लीबाई खूश होत्या. आता फक्त प्रांतिक सरकारच्या समितीनं येऊन कागद पाहायचा होता, म्हणजे अनुदान मिळणार होतं. समितीला फेब्रुवारीत बोलावलं, त्यांना वेळ नव्हता. जूनमध्ये बोलावलं, त्यांची प्रकृती बरी नव्हती. नोव्हेंबरात आमच्याकडे ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या वासाच्या अळंबीची, जत्रा असते असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि तिन्ही सभासदांच्या प्रकृती एकदम सुधारल्या! जत्रेच्याच रविवारी, जत्रा भरते त्याच नगरपालिकेच्या सभागृहात प्रात्यक्षिक ठरलं.

आता माझे सासरे. नाझारेनो त्यांचं नाव. राहतात आमच्याच घरी. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला 'अरे कागदवाल्या' अशीच हाक. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे जो कुत्रं घेऊन रानात जातो आणि ओकच्या मुळांखालून ट्रफल उकरून आणतो. चाळीस वर्षं ते जत्रेत ट्रफल मांडतायत आणि चाळीस वर्षं पहिला नंबर दुसऱ्याचाच येतोय. त्यांची कुत्री पियुमा आता म्हातारी झालीय, दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय. बाबांचे गुडघेही बोलायला लागलेत.

जत्रेआधीच्या गुरुवारी बाबा चिखलानं माखून घरी आले. कोटाच्या आतून रुमालाचं गाठोडं काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत पांढरा ट्रफल. जवळजवळ अर्धा किलोचा!

"यंदा नाही तर कधीच नाही," बाबा म्हणाले. "पोरी, खिडकी लाव आधी!"

माझ्या बायकोनं, लोरेदानानं, खिडकी लावली आणि नाकाला पदरासारखा टॉवेल धरला. "अगं आई गं! बाबा, हा वास जिन्यातून वर जाणार. अडेल्मोकाकांना कळणार!"

अडेल्मो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षीचा विजेता. आमच्याकडे नियम असा की गेल्या वर्षीचा विजेता यंदाचा परीक्षक. त्याचं नाक इतकं तिखट की ट्रफल हुंगून तो कुठल्या उताराचा, कुठल्या झाडाखालचा ते सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः फावडं घेऊन तिथे हजर! बाबांनी चाळीस वर्षं जागा लपवली होती ती याच माणसापासून.

"एवारिस्तो, अहो काहीतरी करा ना!" लोरेदाना म्हणाली.

अहो, याच क्षणाची तर मी चौदा वर्षं वाट बघत होतो! मी पिशवीतून प्रात्यक्षिकाची फाइल काढली. आत माझे बारा कागद. एक काढला आणि ट्रफल त्यात झकास गुंडाळला.

बाबा संशयानं बघत राहिले. पाच मिनिटं गेली. मग त्यांनी हवेत नाक वर केलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. "आयला! गेला की वास!"

तेवढ्यात अडेल्मो जिन्यावरून खाली आला. आम्ही तिघं दाराआड श्वास धरून उभे. तो आमच्या दारासमोर थांबला, दोनदा नाक फुरफुरवलं आणि "आज यांच्याकडे नुसता कोबी!" असं पुटपुटत निघून गेला.

बाबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा फ्रिजपर्यंत गेला. "कागदवाल्या, अगदीच वाया गेला नाहीस तू!"

ट्रफलचा कागद सकाळ-संध्याकाळ बदलावा लागतो, नाहीतर तो ओलावा धरतो. हे काम लोरेदानाकडे. शनिवारी ती म्हणाली, "अहो, कागद बदलताना सुद्धा काही वास येत नाही हो!"

"म्हणजे बघ काय माल बनवलाय मी!"

"पण ट्रफलमध्ये तरी वास उरलाय का...?"

"लोरेदाना, विज्ञानावर विश्वास ठेव."

बाबांना रोज एकदा तरी उघडून हुंगायचा होता. मी साफ नकार दिला. "बाबा, उघडलं की वास उडतो. आत कोंडून राहू द्या. रविवारी टेबलावर उघडा, जत्रा बेशुद्ध पडेल!" एरवी माझं एक न ऐकणारा माणूस, या वेळी चक्क ऐकलं.

रविवार उजाडला. सभागृहात पाय ठेवायला जागा नाही! एका टोकाला पांढऱ्या चादरीवर ट्रफल, दुसऱ्या टोकाला माझी बरणी, चीज, फाइल आणि इस्त्री. बाबा लग्नातला कोट घालून आले होते. त्यांनी टेबलावर कागद सोडला. ट्रफलचा आकार बघून लोकांनी 'ओहो' केलं. अडेल्मोचा चेहरा पडला. मग तो वाकला, डोळे मिटले आणि हुंगलं.

पुन्हा हुंगलं.

"नाझारेनो," तो सावकाश म्हणाला, "हा बटाटा आहे."

"काय बोलतोस!"

"तू हुंग की!"

बाबांनी हुंगलं. मग पियुमाला उचलून ट्रफलपाशी धरलं. ती बिचारी हुंगून बाजूच्या टेबलावरच्या सॉसेजकडे गेली. सभागृहात हलकल्लोळ! "चाळीस वर्षं हरला, आता फसवायला निघाला!" "बटाटा कोरून आणलाय!" महापौरबाई म्हणाल्या, असं घडलं तर स्पर्धकाचं नाव जन्मभरासाठी यादीतून काढावं लागतं.

इकडे माझंही काही सुरळीत नव्हतं. बरणीत मेंढीचं जुनं चीज, वर माझा कागद, आणि समितीचे अध्यक्ष नाक लावून बसलेले.

"चीजचा वास येतोय," अध्यक्ष म्हणाले.

"थोडा वेळ द्यावा," मी म्हणालो.

"आता जास्तच येतोय."

दुसरा कागद घातला, तिसरा घातला. मेंगारेल्लीबाईंच्या कपाळावर घाम आला. अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

तेवढ्यात लोरेदाना धावत आली. "अहो, बाबांना लबाड म्हणतायत! ट्रफलला वासच नाही!"

"असं कसं होईल? तू कागद कुठले गुंडाळत होतीस?"

"फाइलमधलेच की! रोज दोन नवे."

"आणि वापरलेले?"

"परत फाइलमध्ये वरच ठेवले नीट. एवढा चांगला कोरा कागद, टाकवतो का कोणाला?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बाबांचा ट्रफल चीजच्या टेबलावर होता! म्हणजे त्याचा सगळा वास माझ्या कागदांत होता. तीन दिवस माझा कागद त्याला चोखत बसला होता, आणि आता पोट तुडुंब भरल्यावर चीजकडे ढुंकूनही बघत नव्हता.

मेंगारेल्लीबाईंनी माझा कोपर धरला. "गप्प राहायचं," त्या दातांतून म्हणाल्या. "बरणीचं झाकण सैल आहे म्हणून सांगू. घरी वापरलेले कागद समितीपुढे ठेवले हे कळलं तर अनुदानही गेलं आणि तूही गेलास!"

मी मान डोलावली. आणि मग बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत बसले होते, टोपी मांडीवर, कान लालबुंद, आणि बोटांनी टोपीची कड नुसती फिरवत होते. एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं त्यांनी. गेलं खड्ड्यात अनुदान!

"थांबा!" मी ओरडलो. "ट्रफल खरा आहे! वास माझ्या कागदात आहे!"

मी माझे सगळे कागद टेबलावर मांडले आणि पहिल्यावर इस्त्री टेकवली.

आधी पहिल्या रांगेतल्या बायका गप्प झाल्या. मग दुसरी रांग. पियुमा आंधळी म्हातारी, ती खुर्च्यांवरून उड्या मारत आली आणि टेबलाचा पाय उकरायला लागली! समितीचे तिघं सभासद डोळे मिटून पुढे झुकले. अध्यक्षांच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की वही भिजली. मी दुसरा कागद तापवला, तिसरा तापवला. लोक अक्षरशः हुंदके द्यायला लागले!

अडेल्मो गर्दीतून वाट काढत आला. नाकपुड्या थरथरत होत्या. "वीस वर्षांत असा हुंगला नाही," तो म्हणाला. आणि मग तंद्रीतच पुढे बोलत सुटला, "ओढ्यापलीकडचा... उत्तरेचा उतार... पडक्या चुनाभट्टीच्या मागचा तिसरा ओक!"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. सभागृहातले निम्मे लोक खिशातून पेन काढत होते.

"मग पहिला नंबर नाझारेनोचा!" महापौरबाई म्हणाल्या.

अडेल्मो भानावर आला. वैर आधी, नाक नंतर. "एक मिनिट! बक्षीस वासाला आहे. नियम चौथा. वास ट्रफलमध्ये आहे का?"

"नाही."

"कशात आहे?"

"कागदात."

"कागद कोणाचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'नाही, नको, अहो' म्हणेपर्यंत माझ्या गळ्यात हिरवी फीत पडली होती! 'यंदाचा सर्वोत्कृष्ट ट्रफलशोधक : एवारिस्तो बाल्देल्ली.' ज्याला ओक आणि पाइन यांतला फरक कळत नाही तो मी! बाबांच्या नावावरचा लबाडीचा ठपका पुसला गेला, तेवढं मात्र झालं.

समितीनं अनुदान मंजूर केलं. वास घालवणाऱ्या कागदाला नव्हे. अहवालात लिहिलंय की 'ट्रफलचा वास येणारा कागद' ही कल्पना अत्यंत मौलिक असून पाहणीसाठी समिती दर नोव्हेंबरात येईल.

बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठसुद्धा लोरेदानाकरवी मागायचे. तो अर्धा किलो ट्रफल आम्ही शेवयांवर किसून खाल्ला, तर लोरेदाना म्हणाली की ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतंय. बाबांनी ताटली बाजूला सारली. मला इतकं वाईट वाटलं की मी ती फीत कपाटात कपड्यांच्या तळाशी दडवून ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी दारावर हळूच टकटक झाली.

"अहो जावईबापू, उठलात का?"

मी आधी मागे वळून बघितलं, घरात दुसरा कोणी जावई आलाय की काय! दारात बाबा. हातात वाफाळती कॉफी.

"रात्रभर विचार केला," ते पलंगाच्या काठावर बसत म्हणाले. "विजेते तुम्ही. म्हणजे पुढच्या वर्षीचे परीक्षक तुम्ही! अडेल्मोच्या त्या खुर्चीत तुम्ही बसणार आणि समोर ट्रफल घेऊन मी." त्यांचे डोळे भरून आले. "उगाच झुकतं माप नको हं! मी लबाड नाही. माझा वास खरंच सरस असेल तरच द्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला सरळ नाकाचा परीक्षक मिळतोय, आणि तोही घरचा!"

"बाबा..."

"घ्या, कॉफी घ्या. दाणे आत्ताच दळलेत. कसा आहे वास?"

"अप्रतिम!" मी म्हणालो.

आता या म्हाताऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू, की कागदाला स्फटिक चिकटवायला जे आम्ल उकळावं लागतं त्याची वाफ रोज हुंगून हुंगून, गेल्या दीड वर्षापासून मला कशाचाच वास येत नाही! लोरेदानालाही ठाऊक नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.