नातालीन सिद्दीण आखाड्यात उतरली ते वर्तमान

श्रीगणेश, माता शारदा आणि आखाड्याची तांबडी माती या तिघांस वंदन करून लेखणी धरिली. शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, पौष मासी अमुक एका राज्यात जे घडले ते सांगतो, सावधान असावे.

राज्य नामांकित, परंतु शेजारच्या राज्याशी सालोसाल खेळांचा सामना होई आणि सालोसाल धावण्यात हार खावी लागे, तेणेकरून महाराज उदास, अन्नावर वासना नाही. मग खेळदिवाण अंतोबा राजाज्ञे यांनी मनसुबा केला की, आपले दक्षिणरानी सिद्दी लोक राहतात, त्यांचे वाडवडील समुद्रापलीकडून, आफ्रिकेहून आलेले; वेग त्यांचे रक्तातच आहे, पेरावयास नको, नुसता खुडून आणावा. महाराज संतोष पावले आणि स्वार रवाना जाहले आणि तरणे सिद्दी वेचून राजधानीस आणिले, दूध दिले, बदाम दिले, बूट दिले. क्रीडांगणास दरवाजे बहुत. बुद्धिबळाचे दरवाजाने कारकुनांची मुले जात, कुस्तीचे दरवाजाने पाटील-सरदारांची. सिद्दियांस धावण्याचा दरवाजा नेमून दिला.

त्यांत नातालीन सिद्दीण आणि तिचा थोरला भाऊ जुझे. जुझे काडीसारखा, खराच वाऱ्याचा; धावू लागला म्हणजे पायाखालचे गवतही मोडत नसे. नातालीन मात्र धिमी, रुंद पाठीची, सागाच्या ओंडक्यास तिने हात घातला तर ओंडक्यानेच विचारात पडावे ऐशी. धावण्यात ती नेमाने शेवटी येई. तिचा जीव कुस्तीत. भिंतीपलीकडे कुस्तीचे तालमीत वस्ताद बाळू कुंभोजे लेकीबाळींकडून मेहनत करवीत, त्या शड्डूचा आवाज आला की हिचे दंड आपोआप फुरफुरत. मग एके दिवशी तिने हात जोडून विनविले, "दिवाणजी, मला मातीत उतरू द्या."

दिवाण हसून बोलिले, "वेडी की काय? तुझ्या रक्तात वेग आहे."

"मग तो बाहेर कधी यायचा? मी तर रोज शेवटी येते."

"निजला आहे. उठेल."

"इतके दिवस शिट्ट्या फुंकताय, दिवाणजी. एवढ्यात मेलेल्यानंही कूस बदलली असती."

यावर दिवाणांनी तिचे बदाम वाढविले. परंतु हुकूम ऐसा होता की, राजधानीचे पौषी जत्रेनंतर जो धावण्यात निवडला नाही त्याने रानात परत जावे. मग नातालीनीस कळो आले की, आपले दिवस भरले, पुन्हा ओंडकेच वाहणे आले.

मग जत्रेचा आखाडा भरला. रिवाज ऐसा की, ज्यास जोड मिळाली नाही त्याने हात वर करून फेरी मारावी आणि त्याचे हातची माती जो घेईल त्याशी कुस्ती नेमावी. माती घेतली म्हणजे खुद्द महाराजांनीही मोडता घालू नये. ते समयी सरनोबतांची लेक यमुना, आजवर कोणास न हरलेली, फेरी मारीत होती आणि कोणी हात पुढे करीना. मग गर्दी सारून नातालीन उतरली, धावण्याचे बूट काठावर काढिले आणि हात पसरिला. यमुनेने तिला नखशिखांत पाहिले. "तू ती धावणारी ना ग? पळून जाशील."

"पळताच येत नाही, हेच तर माझं रडगाणं आहे."

यमुनेस हसू आले आणि तिने माती दिली. दिवाण तटकन उठले की, ही चुकीचे दरवाजाने आली. वस्ताद म्हणाले, "बसा दिवाणजी. माती गेली हातात." आणि काठावर सिद्दी बाया उभ्या राहून गाऊ लागल्या:

वेग दिला ग वाऱ्याला, जोर दिला ग मातीला,
माझ्या लेकीला काय दिलं, पुसा तिच्याच छातीला.

मग खडाखडी जाहली. यमुना चपळ, दोनदा पाय धरावयास पटात शिरली, आणि नातालीन जागची हलली नाही. मग तिने यमुनेस कवेत घेऊन उचलिले आणि लेकरू पाळण्यात निजवावे तैसे अलगद पाठीवर निजविले. यमुना मातीतूनच बोलली, "रोज येत जा ग. मला जोडच नव्हती." महाराज प्रसन्न जाहले आणि वस्तादांनी नातालीनीस तालमीत घेतले.

परंतु दिवाण मोठे विचारी पुरुष. त्यांनी दरबारी अर्ज केला की, "महाराज, नजरचूक जाहली. सिद्दियांचे रक्तात वेग नव्हे, जोर आहे." आणि हुकूम सुटला की, समस्त सिद्दियांनी कुस्तीचे दरवाजाने जावे, धावण्याचा दरवाजा त्यांस बंद. दुसरे दिवशी जुझे बूट घालून आला तो दरवान आडवा. "पैलवान, तुमचा दरवाजा पलीकडे."

"पैलवान माझी बहीण. मी धावतो."

"रक्त एकच ना?"

नातालीनीस वर्तमान कळले, तशी ती अंगची माती न झाडता आली. "दादा, माझ्यामुळे झालं रे हे."

"तुझ्यामुळे कसं, बाय? तू जिंकलीस. त्यांना आपल्याला मोजता येत नाही. सगळे मिळून एकच माणूस धरतात."

 मग नातालीनीने धावण्याचे मैदानाचे भिंतीची उंची पाहिली, थोरल्या भावास कमरेस धरून उचलिले आणि भिंतीपलीकडे सोडिले. मग जुझे धावला आणि दरवान मागे लागले आणि शिपाई मागे लागले आणि कोणाचे हाती त्याचा सदराही लागेना. सज्जात दिवाण उभे होते. ते धन्य होऊन बोलिले, "पाहा, पैलवानाचे रक्त. कोणाचे पकडीत येत नाही."

सारांश, सिद्दियांस राज्यात दरवाजे दोन मिळाले, एक उघडला की दुसरा बंद. उरल्यांस वाट बहिणीचे खांद्यावरून. जुझे अद्याप धावतोच आहे. घडले तैसे लिहिले, पदरचे थोडेच. वाचणाराने गोड मानून घ्यावे.