टोपडी घातलेली डाळिंबं

आमच्या शेजारच्या वेणूकाकू झाडावरच्या डाळिंबांना टोपडी घालायच्या. तान्ह्या बाळाची, कान झाकणारी, नाडीने बांधायची टोपडी. फळ खाली लोंबतं, म्हणून टोपडं खालून चढवायचं आणि नाडी वर देठाशी बांधायची. चेहऱ्यासाठी जी जागा उघडी असते, तिथे काकू मलमलीचा तुकडा शिवून टाकायच्या. लांबून पाहिलं की चेहरा झाकलेली बाळं झाडाला उलटी टांगल्यासारखी दिसायची.

मुलांनो, तुम्ही राहता तिथे डाळिंब दुकानातून येतं, बहुधा सोललेलंच. अंगणात एक फळ पिकवायला माणसाला काय काय करावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक नसणार. ही तीस सालानंतरची गोष्ट. तुमच्या आजोबांना नाशिकच्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि पंचवटीच्या पलीकडे, मखमलाबादच्या वाटेवर आम्ही लहानसं घर भाड्याने घेतलं होतं. सभोवती भाजीचे आणि शेवंतीचे मळे. शेजार एकच, वेणूकाकूंचा, आणि मधे निवडुंगाचं कुंपण. काकूंचे यजमान जमीन मोजणीच्या खात्यात होते. वर्षातले नऊ महिने ते फिरतीवर असत. काकू पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि हातात सदैव सुईदोरा.

पहिल्या दिवशी आमचं सामान घेऊन आलेल्या टांगेवाल्याने टांगा कोपऱ्यावरच उभा केला.

"आगे घोडा नाय जायचा, बाईसाब."

"का? रस्ता तर चांगला आहे."

"रस्ता चांगला हाय. झाड चांगलं नाय. उसपे बच्चे लटके हैं."

ट्रंका आणि गाठोडी आम्हीच वाहिली.

मी इंटरपर्यंत शिकलेली होते. फळबागेवरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याजवळ होतं. त्यात लिहिलं होतं की फुलपाखरू डाळिंबावर अंडी घालतं, अळी आत शिरून फळ पोखरते, म्हणून फळ फडक्याने झाकावं. म्हणजे काकूंचं वेड शास्त्राला धरून होतं. मला कोण आनंद झाला. मी लगेच सांगायला गेले.

"काकू, पुस्तकातही हेच आहे. फक्त टोपडी शिवायची गरज नाही. साध्या पिशव्या चालतील."

"पिशवीत कांदे घालतात," काकू म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "आणि हळू बोल गं सुमती. आत्ताच झोपलाय."

"हळू बोल" हे त्यांचं पालुपद. भाजी विकणाऱ्या सखू माळिणीला तर त्यांनी "भेंडी घ्या, भेंडी" हे कुजबुजत म्हणायला लावलं होतं.

"अवो काकू, अशी कानात सांगत फिरले तर माजी भेंडी जून व्हायची की!"

"मग मळ्याच्या टोकाला जाऊन ओरड."

"लय येडी बाई हाय," सखूने मला सांगितलं. पण तेही कुजबुजतच सांगितलं. त्या कुंपणाशी आलेलं कोणीही मोठ्याने बोलत नसे. वर्गात गरजणारे तुमचे आजोबासुद्धा तिथे दबक्या आवाजात बोलत, आणि मग स्वतःवरच चिडत.

प्रत्येक टोपड्यावर काजळाची तीट असे. संध्याकाळी काकू एकेक फांदी धरून हलके झोके देत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत. एकदा मी विचारलं, "सगळ्यांना एकच गाणं?"

"छे! धाकट्याला ते आवडत नाही."

धाकटा कोणता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

एक गोष्ट मात्र मला आजही नीट उलगडलेली नाही. सकाळी पाहावं तर सगळ्या टोपड्यांच्या मलमली बाजू काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळलेल्या असत. आता पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, आणि ती खिडकीही झाडाच्या पश्चिमेला. वाऱ्याने वळली असती तर उलटीकडे वळली असती. याचंही काही कारण असेल. पुस्तकात नव्हतं.

मला लहानपणापासून मोजायची सवय. जिने चढताना पायऱ्या मोजते, तांदूळ निवडताना खडे मोजते. एके दिवशी मी कौतुकाने म्हटलं, "काकू, यंदा अकरा आहेत हं!"

काकूंची सुई थांबली.

"मोजलीस?"

"हो."

"लेकरं मोजतात का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टोपडं जमिनीवर होतं. काकूंनी नाडी सोडली, फळ झाडाच्या बुंध्याशी पुरलं, टोपडं धुऊन दोरीवर वाळत घातलं. चार दिवसांनी दुसरं पडलं. मग तिसरं. मी त्या झाडाकडे बघायचं सोडलं, पण दोरीवरची टोपडी दिसायचीच, आणि डोळे आपोआप वजाबाकी करायचे. आठ. पाच. तीन. दर वेळी वाटायचं, हे मी केलं. अळीचं सगळं शास्त्र तोंडपाठ असूनही वाटायचं.

एकदा भाजी तोलता तोलता सखू म्हणाली, "ती टोपडी नवी न्हाईत, बाई. तीन येळा पाळणा बांधला व्हता त्या घरात. तिन्ही येळा सोडला. काकूंनी आधीच पेटीभर शिवून ठेवलेली."

त्यानंतर पिशव्यांचं नाव मी काढलं नाही.

श्रावण संपत आला तेव्हा झाडावर एकच डाळिंब उरलं. काकू म्हणाल्या, "पिठोरीपर्यंत एवढं एक राहू दे. बाकी मागणं नाही. एकदा घरचं फळ नैवेद्यात ठेवीन म्हणते."

श्रावणातल्या अमावास्येला, पिठोरीला, आया मुलांच्या आयुष्यासाठी पूजा करतात. शेवटी खीरपुरीचं ताट डोक्यावर धरायचं आणि मागे न बघता विचारायचं, "अतीत कोण?" म्हणजे पाहुणा कोण आला आहे. मागे उभ्या असलेल्या मुलाने "मी" म्हणायचं, आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं.

"तुम्ही करता पिठोरी?" मी विचारलं.

"दर वर्षी. विचारायचं आपलं काम."

"आणि मग?"

"थोडी थांबते. मग ताट खाली ठेवते. हात भरून येतात गं."

त्याच रात्री मी ठरवलं की यंदा आपण मागे जाऊन उभं राहायचं आणि "मी, सुमती" असं स्पष्ट सांगायचं. दोन दिवस मनात घोकत होते.

पिठोरीच्या दिवशी पोळा असल्यामुळे सगळे बैल आणि माणसं गावात गेली होती. मळ्यांत चिटपाखरू नव्हतं. दुपार कलली होती, ढग खाली उतरले होते आणि उजेड हळदीच्या पाण्यासारखा झाला होता. डाळिंब अजून झाडावरच होतं. ते तोडायला काकूंचा हात धजला नव्हता. मी कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि झाडापासून दहा हातांवर थांबले.

काकू झाडाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ताट डोक्यावर धरलं.

"अतीत कोण?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. पान हलत नव्हतं. त्या टोपड्याची मलमली बाजू काकूंच्या पाठीकडे होती.

"अतीत कोण?"

त्यांच्या मागे धप्प आवाज झाला. डाळिंब काकूंच्या टाचेशी येऊन पडलं होतं.

काकू दचकल्या नाहीत. मागेही वळल्या नाहीत. ताट तसंच धरून म्हणाल्या, "नाव सांग."

मला काही ऐकू आलं नाही. हे मी अगदी खात्रीने लिहिते आहे. पण काकूंनी जरा वेळाने मान हलवली, आणि म्हणाल्या, "बरं."

मग त्या वळल्या, खाली बसल्या आणि नाडी सोडली. फळ तडकलं होतं. देठाशी अळीचं भोक होतं, मला तिथूनही दिसलं, म्हणजे त्यांनाही दिसलंच असणार. एका बाजूचे दाणे काळे पडले होते. दुसऱ्या बाजूचे लालभडक. काकूंनी लाल दाणे एकेक करून वेचले आणि खिरीवर घातले. आपल्या घरचं पिकलेलं फळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"सुमती," माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, "ये अशी पुढे. कधीची उभी आहेस. त्याला एकट्याने जेवायची सवय नाही."

ओसरीवर केळीची तीन पानं मांडलेली होती. मी मधल्या पानावर बसायला गेले, तर काकूंनी माझ्या कोपराला धरून मला हळूच बाजूला सरकवलं.