भोंग्यावरची भाकरी

शिवमूर्ती सरांना व्याख्यानासाठी शांत जागा नको होती, रेंजची जागा हवी होती. लॉकडाउन लागला, उदगीरचं कॉलेज बंद झालं आणि सर बायकोला, म्हणजे गीतांजलीला, घेऊन देवणीजवळच्या आपल्या गावी आईकडे राहायला आले. गावात दूध होतं, भाजी होती, मोकळी हवा होती. इंटरनेट मात्र ग्रामपंचायतीच्या एकाच खोलीत यायचं, आणि तिथं दार लावून घेतलं की कुणी मधे बोलायला यायचं नाही.

सर समाजशास्त्र शिकवत. महामारीच्या काळात लोकांचं स्वास्थ्य कसं राहील, घराघरांत समता कशी येईल, यावरचे लेख, पाहण्या, आकडे असं सगळं त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवर एका पानावर गोळा केलं होतं. त्या पानाला भेट देणाऱ्यांचा आकडा रोज वाढे, कारण सर स्वतः रोज चुका दुरुस्त करायला तिथं जात. आता प्राचार्यांनी या पानाचं कायमचं ऑनलाइन केंद्र करायचं ठरवलं होतं. त्याला केंद्रप्रमुख नेमायचा होता आणि तो कोण हे सरांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. प्राचार्यांना ते कळायचं तेवढं बाकी होतं, आणि त्यासाठीच गुरुवारचं व्याख्यान होतं.

ग्रामपंचायतीचा शिपाई देविदास याने खोली झाडून दिली, टेबल पुसलं, खिडकी लावली. जाता जाता त्याने लॅपटॉपच्या पडद्यावर नजर टाकली. 'महामारी' हा शब्द दिसला. त्याखाली 'स्वास्थ्य' दिसला. देविदास थबकला. कोरोनाविषयी जी काही माहिती येईल ती भोंग्यावरून गावाला ऐकवायची, असा त्याला वरून हुकूम होता. हात धुण्यापासून वाफ घेण्यापर्यंत सगळं त्याने इमानाने ऐकवलं होतं. आज तर खुद्द गावचे प्राध्यापक बोलणार होते. त्याने पंचायतीचा माइक हळूच टेबलाच्या कडेला ठेवला, पलीकडच्या खोलीत जाऊन बटण दाबलं आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानाने तंबाखू मळायला बसला.

सरांनी कानात इअरफोन घातले आणि ते सुरू झाले. लातूर, नांदेड, अगदी हिमायतनगरपर्यंतचे प्राध्यापक ऐकायला बसले होते. सर रंगात आले. महामारीत घरातली माणसं घरीच आहेत, काम वाढलंय आणि ते सगळं बाईच्या अंगावर पडलंय, असं त्यांनी आकड्यांनिशी पटवून दिलं. बाहेरून आपलाच आवाज येतोय असं त्यांना मधेच एकदा वाटलं. पण आपला आवाज दुमदुमतोय असं सरांना बोलताना नेहमीच वाटायचं, त्यामुळे त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः करावं," सर शेवटी म्हणाले. "आमच्या घरात निम्मं काम मी करतो, निम्मं पत्नी करते. सकाळच्या भाकरी तर माझ्याकडेच असतात. मला त्यात कसलाही कमीपणा वाटत नाही."

नांदेडच्या बाईंनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या. सर खूश होऊन बाहेर पडले.

समोरच्या ओट्यावर चन्नबसप्पा बसला होता. तो सरांचा शेजारी. त्याने मास्क खाली ओढला आणि सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, भाकरी करायला कधी शिकलाव?"

"कोण म्हणालं?"

"तुमीच म्हणालाव की. भोंग्यावरून. समद्या गावानं ऐकलं."

सरांनी मान वर करून पंचायतीच्या छपरावरचा भोंगा पाहिला. मग त्यांनी देविदासकडे पाहिलं. देविदास हसत उभा होता.

"लई झ्याक बोललाव सर," तो म्हणाला. "आवाज पार मळ्यापतूर गेला."

घरी जाईपर्यंत सरांनी तीन प्रकारची स्पष्टीकरणं तयार केली. एकाचीही गरज पडली नाही. गीतांजली भांडत नव्हती की रुसली नव्हती. तिने फक्त काटवट, पिठाचा डबा आणि तांब्याभर पाणी ओट्यावर नीट मांडून ठेवलं होतं.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"सकाळच्या भाकरी तुमच्याकडं हायत म्हणं. मला आजच कळलं. म्हणलं सामान तरी हाताशी असावं."

"अगं, उदाहरण म्हणून बोललो मी. शास्त्रात असं द्यावं लागतं."

तेवढ्यात फोन वाजला. प्राचार्य होते आणि भलतेच खुशीत होते. व्याख्यान सगळ्यांना आवडलं होतं. विशेषतः भाकरीचा भाग. आता सगळ्यांची मागणी होती की पुढच्या गुरुवारी मॅडमनी स्वतःचा अनुभव सांगावा. त्यांचं बोलणं झालं की केंद्रप्रमुखाचं नाव जाहीर करू, असंही प्राचार्य म्हणाले.

"अवश्य सर. मॅडम तयारच आहेत," शिवमूर्ती सर ठामपणे म्हणाले. ठामपणा हा त्यांचा स्वभाव होता, विचार नंतर यायचा. फोन ठेवल्यावर तो आला.

"मी काय सांगायचं?" गीतांजलीने विचारलं.

"जे आहे ते सांग."

"जे हाय ते?"

जे होतं ते असं होतं की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरात मीठ कुठे असतं हे सरांना ठाऊक नव्हतं. ते पाणी मागत, मग पाण्याचा पेला रिकामा झाला हे सांगत. गीतांजली गुरुवारी हे बोलली असती तर केंद्र गेलंच असतं, शिवाय नांदेडपर्यंत तोंड दाखवायला जागा उरली नसती. भोंगा होताच, त्यामुळे गावातही नसती.

"माझ्याच्यानं खोटं बोलवत न्हाई," गीतांजली म्हणाली. "गुरुवारपतूर खरं करा, मग मी खुशाल सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पिठापुढे बसले. त्यांच्या पहिल्या भाकरीला कोपरे आले. दुसरी उचलताना दोन ठिकाणी झाली. तिसरी तव्यावर पोचली, पण पाणी फिरवायचं राहिल्यामुळे तिला तडे गेले. सरांची आई चांगुणाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. लेकाला काटवटीपुढे बसवलं म्हणून आधी त्यांनी सुनेवर तोंड सोडलं होतं. पण लेकाच्या भाकरी पाहिल्यावर त्यांचा राग सुनेवरून लेकाकडे वळला.

"आधण कुठं हाय? थंड्या पाण्यात मळतेत का जवारी? इतकं शिकून काय केलास रे?"

"माय, होईल हळूहळू."

"हे म्हशीला घाल."

सरांनी म्हशीपुढे टोपलं नेलं. म्हशीने हुंगलं आणि कडब्याकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सरपंच शेषेराव चन्नबसप्पाला सोबत घेऊन आले. दोघांचेही चेहरे उपाशी होते.

"सर, मजाक पुरे झाला," सरपंच म्हणाले. "बायका ऐकायला तयार न्हाईत. सर एवढे शिकलेले करतेत, तुमाला काय झालं म्हणून इचारायल्यात. भोंग्यावरून सांगून टाका की ते बोलणं खरं नव्हतं."

"माझी बायको तर पीठच काढून देईना झाली," चन्नबसप्पा म्हणाला. "सकाळपासून चहावर हाय मी."

एका वाक्यात सुटका होत होती. सरांना मोह झाला, नाही असं नाही. पण ते वाक्य भोंग्यावरून निघालं तर देवणीला जाईल, देवणीहून उदगीरला जाईल आणि उदगीरला प्राचार्य बसले होते. शिवाय आतून भांड्याचा आवाज एकदम थांबला होता. गीतांजली ऐकत होती.

"मी बोललो ते खरं आहे," सर म्हणाले. "बसा. भाकरी खाऊन जा."

त्यांनी दोघांना आपल्या हातची भाकरी वाढली. सरपंचांनी ती तोडली, चावली, बराच वेळ चावली आणि पाणी मागितलं. पुन्हा ते तक्रार घेऊन आले नाहीत.

गीतांजली आता सकाळ झाली की मोबाइल घेऊन ग्रामपंचायतीत जाई. सरांच्या पानावरचे लेख वाचायला तिला रेंज लागे. देविदासने तिच्यासाठी खुर्ची काढून ठेवली होती. ती एकेक लेख सावकाश वाचायची आणि घरी येऊन सरांना प्रश्न विचारायची. सरांच्या लक्षात आलं की आपलं पान वाचणारं पहिलं माणूस आपल्याच घरात निघालं. त्यांना मनापासून आनंद झाला, पण तो साजरा करायला वेळ नव्हता. बायको बाहेर, आईचे गुडघे दुखणारे, म्हणून भाकरीमागून भांडी आली, भांड्यांमागून झाडलोट, मग धुणं. एकातून दुसरं काम निघतं हे सरांनी पुष्कळदा लिहिलं होतं. ते संपतच नाही हे त्यांना कुठल्याच लेखात सापडलं नव्हतं.

"भाकरी म्हणजे काय, तर अदृश्य श्रमांचं दृश्य रूप," एकदा थापता थापता ते म्हणाले.

"तवा करपायलाय," गीतांजली म्हणाली.

बुधवारी सरांची भाकरी फुगली. अख्खी फुगली, वाफेसकट. सरांनी आईला हाक मारली. चांगुणाबाईंनी भाकरी दोन्ही बाजूंनी पाहिली, तिचा पापुद्रा सोडवून पाहिला आणि ती स्वतःच्या ताटात घेतली. सरांना डॉक्टरेट मिळाली त्या दिवशीही इतकं भरून आलं नव्हतं.

गुरुवारी गीतांजली इस्त्रीची साडी नेसून निघाली. साडीला इस्त्रीही सरांनीच केली होती. आदल्या दिवशी सरांनी देविदासला भोंगा बंद ठेवायची विनंती करून पाहिली होती. "तसा हुकूम हाय सर, माझ्या हातात काय न्हाई," असं सांगून त्याने ती फेटाळली होती. सर घरीच राहिले. सकाळच्या भाकरी व्हायच्या होत्या.

बरोबर वेळेला भोंगा खरखरला आणि गीतांजलीचा आवाज गावभर पसरला. ती घाबरली नव्हती. लॉकडाउनमध्ये गडीमाणसांना सुट्टी मिळाली आणि बाईची होती तेवढीही गेली, असं ती म्हणाली. बाई आजारी पडली तरी आधी सगळ्यांचं जेवण उरकते आणि मग आजारी पडते, असं म्हणाली. सरांच्या पानावरची पाहणी तिने चन्नबसप्पाच्या बायकोलाही कळेल अशी सांगितली. सर थापायचे थांबून ऐकत राहिले. ही आपल्यापेक्षा चांगली बोलते, हे त्यांना स्वच्छ कळलं आणि त्यांना तिचा अभिमान वाटला.

मग कुणीतरी तिकडून प्रश्न विचारला असावा. भोंगा क्षणभर गप्प झाला. सरांचा हात तव्यावर तसाच राहिला.

"हो, सर बोलले ते खरं आहे," गीतांजली म्हणाली. "आमच्या घरात निम्मं काम हे करतात आणि निम्मं मी करते."

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. भाकरी आपण केल्या. भांडी आपण. झाडलोट, धुणं, पाणी, इस्त्री आपणच. मग तिने केलेलं निम्मं ते कोणतं? त्यांनी दाराकडे पाहून तोंड उघडलं.

"गप ऱ्हा," चांगुणाबाई म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी ती काय बोलली होती का?"

भोंग्यावर गीतांजली आता प्राचार्यांशी बोलत होती. त्यांचं बोलणं तिच्या कानात होतं, गावाला फक्त तिचं ऐकू येत होतं.

"केंद्रप्रमुख ना? हेच राहू द्या सर. घरी बसून करण्यासारखं काम आहे, यांना जमेल... मी? दर गुरुवारी बोलायचं? वर्षभर?"

सर तव्यापाशी उभे होते. चन्नबसप्पा आपल्या ओट्यावर उभा होता. सगळं गाव उत्तराची वाट पाहत होतं.

"बोलेन की," गीतांजली म्हणाली. "सकाळी मी मोकळीच असते."

शिवमूर्ती सरांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.