वत्सलाअक्कांचं पार्सल

सीमेवर काही बिनसलं की आम्हाला टीव्ही लावावा लागत नाही. वरच्या गच्चीतून आमच्या अंगणात धप्पकन एक पार्सल पडतं आणि पाठोपाठ वत्सलाअक्कांचा आवाज येतो, "तम्मा, उघडून बघ की, मोडली काय?"

वत्सलाअक्का म्हणजे केशवापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मला त्या 'तम्मा' म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पार्सलात कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी असते. रजा रद्द होऊन परत निघालेल्या जवानांना स्टेशनवर गाठून अक्का ती देतात. "ट्रंकेखाली चेंगरली तरी टिकाय पाहिजे," म्हणून आधी ही चाचणी. एकदा पार्सल माझ्या स्कूटरवर आलं. आरसा फुटला, भाकरी शाबूत. अक्का धावत खाली आल्या आणि पहिल्यांदा भाकरी टकटक वाजवून म्हणाल्या, "पास!"

गेल्या वेळी ओझं उचलायला मीही स्टेशनवर गेलो होतो. एक तरणा जवान संकोचून म्हणाला, "अक्का, आईनं सगळं दिलंय की."

"आईचं उद्या संपतंय. माझं महिनाभर राहतंय. घे!"

त्यानं तिथंच तुकडा मोडून तोंडात टाकला. अक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. गणिताच्या बाईंची जरब कुठल्या कुठे गेली होती.

पुढे गोळीबार थांबला. अक्कांनी आनंदानं गल्लीभर पेढे वाटले. पण दुसऱ्या दिवसापासून वरची भाकऱ्या थापण्याची थपथप बंद झाली. काही दिवसांनी मी वर गेलो, तर अक्का दुधात ब्रेड बुडवून खात होत्या.

"भाकरी नाही केली?"

"एकटीसाठी कोण थापत बसतंय, तम्मा? आमचे हे गेल्यापासून सोडलंय. लढाई लागली की तेवढंच..." अक्का एकदम ओशाळल्या. "अय्यो, लढाई नकोच की रे! तसं नाही म्हणायलो मी."

मला फार वाईट वाटलं. बाईंना खाणारं माणूस हवं होतं, आणि तसं सांगायचा संकोच होता. मी ठोकून दिलं, "अक्का, मला फिरतीवर जायचंय. भाकरी लागेल."

अक्कांनी ब्रेड बाजूला सारला. "लांब?"

"लांब."

माझं ऑफिस इथंच, गावातल्या विद्यानगरात आहे आणि फिरतीची नोकरी मी कधी केलेली नाही, हे अक्कांना चांगलं ठाऊक आहे. तरी त्या पिठाचा डबा उघडायला उठल्या.

सकाळी मी स्कूटर भिंतीच्या आड लावली आणि अंगणात वाट बघत उभा राहिलो. धप्प!

"तम्मा, मोडली काय?"

"पास, अक्का!"