मोहफुलांचा हार

अमरावतीच्या राजापेठेतल्या सहदेवच्या फुलांच्या दुकानाला सुट्टी अशी नसेच, कारण लोक लग्न करायचे थांबत नाहीत आणि मरायचेही. त्यामुळे शालूने संसारात पहिल्यांदाच "मले बी कुठंतरी फिराले न्या" म्हटलं, तेव्हा त्याच्या हातातली सुई निशिगंधात तशीच अडकून राहिली.

"कुठं?"

"नाशिकले. शेजारची दीपमाला जाऊन आली. द्राक्षाचे मळे, वाइनचे कारखाने. टेकडीवर बसून नुसतं पाहत राहा लागते म्हणे."

"आपण दोघं बी पीत नाई, शालू."

"पाह्याले गेलं म्हून कोणी पाजत नाई."

नाशिक म्हणजे चार दिवस दुकान बंद, आणि पाडवा तोंडावर आलेला. सहदेवने डोकं चालवलं. त्याचा भाचा गोपाल धारणीकडे जीप चालवायचा आणि हल्ली हौशी लोकांना मेळघाटातल्या कोणी न पाहिलेल्या जागा दाखवायचा. तो फोनवर म्हणाला, "मामा, द्राक्षं तं सारेच पाह्यतात. मी मामीले असं रान दाखोतो, जिथं वाइन झाडावरून पडते. मोह फुलला हाये!"

एका मुक्कामात काम भागत होतं. शालू हो म्हणाली, पण परतवाडा सोडून घाट चढेपर्यंत खिडकीबाहेर पाहत गप्प बसली. भांडण सहदेवला परवडायचं; ही गप्प बसली की त्याचा जीव टांगणीला लागे. सहल फसली तर ही कुरकुरणार नाही, पुन्हा कधी काही मागणारच नाही, याची त्याला खरी धास्ती होती.

सेमाडोहच्या पुढच्या एका वस्तीत गोपालच्या ओळखीच्या भागीरथाबाईंच्या घरी ते उतरले. पहाटे गोपालने दोघांना बाईंच्या मोहाखाली आणून सोडलं आणि तो चहाचं बघायला गेला.

रान अजून अर्धवट झोपेत होतं. झाडावर पान नव्हतं, आणि वारा नसतानाही वरून एकेक फूल सावकाश खाली येत होतं. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप. झाडून स्वच्छ केलेल्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं मोत्यांसारखी साचली होती आणि त्यांचा गोड, जड वास अंगावर पांघरुणासारखा येत होता. शालू डोळे मिटून उभी राहिली.

सहदेवला मात्र पडलेली फुलं नुसती पाहवेनात. हिने जन्मभर परक्यांच्या गळ्यांसाठी हार ओवले, हिच्या गळ्यात लग्नानंतर एकही पडला नाही, हे त्याला त्याच क्षणी जाणवलं. सुईदोरा खिशात असतोच. तो भराभर ओवत गेला. पण मोहाचं फूल म्हणजे शेवंती नव्हे. दाबलं की रस. हार पुरा होईपर्यंत त्याचे हात, बाह्या, सदरा सगळं चिकट झालं.

"शालू, डोये मिटूनच राह्य," म्हणत त्याने हार उचलला. तेवढ्यात मागून आलेल्या तांबड्या गाईने तो शांतपणे तोंडात घेतला. सहदेवने हिसका दिला, तर हाती फक्त दोरा आला.

"अरे बापा!" भागीरथाबाई टोपली घेऊन धावत आल्या. "जमीन म्या झाडली, झाड माहं, अन् हार कोणाले इचारून केला?"

"फुलं तुमची, खाल्ली बी तुमच्याच गाईनं. घरातल्या घरात झालं."

"अस्सं? मंग त्या गाईले आता घरात नेऊन दाखवा!"

मुद्दा रास्त होता. गाय आता सहदेवचा सदरा चाटत होती. तो झाडामागे गेला, गाय गेली. तो जीपमध्ये बसला, गाईने मान आत घातली. ओढून गोठ्यात नेली तर तिने बादली लाथाडली. सहदेव शेजारी उभा राहताच मात्र पान्हा सोडला.

"तुमी इथंच थांबा," बाईंनी निकाल दिला. "नाई तं गाय तुमच्या मागं अमरावतीपर्यंत येईन."

"अवो, मी बायकोले जागा दाखवाले आणलं!"

"त्या मी दाखोतो ना." बाईंनी शालूचा हात धरला आणि दोघी रानात चालत्या झाल्या.

सहदेवने दिवसभर मेळघाट पाहिला तो गाईच्या दोन शिंगांच्या मधून.

शालू उन्हं कलल्यावर परतली. चपला हातात होत्या. केसांत, खांद्यांवर मोहाची फुलं होती, कोणी न ओवलेली, आपसूक पडलेली. आवाज बसला होता.

"एक डोह हाये," ती झोपेत बोलल्यासारखी बोलत होती. "त्यात पाय सोडून बसलो. मंग एक दरी हाये, तिथं ओरडलं का पलीकडून कोणी ओ देते. मी लय ओरडली."

"तू?"

"हाव. उद्या त्या आणखी एक जागा दाखोतो म्हणतात." मग ती भानावर आली. "पण नाई. एका मुक्कामाचे दोन झाले, अन् पाडव्याचे हार हायेत. सकाळी निघू."

"निघा खुशाल," भागीरथाबाई म्हणाल्या. "सदरा तेवढा धुऊन टाका. वास गेला का गाय तुमाले इसरून जाईन."

सहदेवने निमूटपणे सदरा धुतला आणि वाळत टाकला.

पहाटे बाई टोपली घेऊन मोहाखाली आल्या, तर सहदेव त्यांच्या आधीच तिथे हजर होता. खाली वाकून ओंजळभर फुलं वेचत होता आणि धुतलेल्या सदऱ्यावर, छातीपासून बाह्यांपर्यंत, मन लावून चोळत होता.